तेरा चिन्हांचे त्र्यंबकेश्वर आणि हातातला ब्राउझर

‘नाशिक’ हे नाव फोनमध्ये पाच चिन्हांत साठवले जाते: न, काना, श, ऱ्हस्व वेलांटी आणि क. वेलांटीची नोंद श नंतर होते, पण पडद्यावर ती श च्या आधी काढावी लागते. ‘त्र्यंबकेश्वर’ तर चांगले तेरा चिन्हांचे आहे. त्यांतली तीन नुसती हलन्ताची. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे या एका नावाचे वजन ३९ बाइट. वजनाचा प्रश्न तिथेच संपतो. कठीण काम पुढचे: कोणते चिन्ह कुठे सरकवायचे, कोणती जोडाक्षरे करायची, अनुस्वार नेमका कशावर द्यायचा, हे ब्राउझरने क्षणात ठरवायचे असते. वीस वर्षांपूर्वीच्या बहुतेक साध्या फोनना हे जमत नव्हते. मराठी पान उघडले की एकतर रिकामे चौकोन दिसत, नाहीतर काना-मात्रा विस्कटलेल्या.

जानेवारी २००६ मध्ये नॉर्वेच्या ऑपेरा कंपनीने ‘ऑपेरा मिनी’ हा ब्राउझर जगभर खुला केला. जेमतेम मेमरी असलेल्या, जावा चालणाऱ्या फोनवर अख्खे इंटरनेट कसे दाखवायचे, याचे त्यांचे उत्तर साधे होते. जड काम फोनने करायचेच नाही. कंपनीचा सर्व्हर वेबपान उघडणार, त्याची मांडणी करणार, चित्रे लहान करणार आणि तयार पान फोनकडे पाठवणार. अख्खा ऊस पाठवण्याऐवजी रस काढून पाठवावा, तसे. डेटा नव्वद टक्क्यांपर्यंत वाचतो, असे कंपनी सांगत असे.

देवनागरीची अडचण मात्र राहिलीच, कारण अक्षरे शेवटी फोनच्याच फॉन्टमधून यायची. त्यावरचा तोडगा या ब्राउझरच्या आत दडलेला होता. पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा कॉन्फिग’ची आज्ञा लिहिली की एक यादी उघडे. तिच्यात गुंतागुंतीच्या लिप्या चित्ररूपात दाखवण्याचा पर्याय होता. त्याला ‘हो’ म्हटले की सर्व्हर मराठी मजकुराची चित्रे करून पाठवी. बाइट वाढत, पान सावकाश उघडे. पण वाचता येई! भारतीय भाषांच्या वाचकांनी ही युक्ती एकमेकांना सांगत पसरवली. सोय आणि वेग यांचा हिशेब कसा मांडावा, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे दिसत नाही. मराठी वाचकाने वेग सोडला आणि अक्षर घेतले, आणि ते योग्यच होते. अक्षर ही वाचनाची पहिली अट आहे, तिला जादा सोय म्हणताच येत नाही.

या हलकेपणाची किंमत दुसरीकडे मोजावी लागे. पानातली जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालत असल्याने प्रत्येक दाबासाठी नवी फेरी व्हायची, त्यामुळे आपोआप बदलणारी पाने अडखळत. शिवाय सुरक्षित पानाचे कूटलेखन सर्व्हरवर उलगडून पुन्हा बांधले जाई. बातमी वाचायला हे चालते. बँकेचा पासवर्ड टाकताना मध्ये असा तिसरा असू नये.

आजचा ब्राउझर ही सारी कामे फोनमध्येच करतो. तरीही पान रखडते. पुष्कळांना वाटते की दोष नेटवर्कचा. नेहमी तसे नसते. ३०० केबीचे छायाचित्र एकदा उलगडले की दाखवून मोकळे होता येते. ३०० केबीची जावास्क्रिप्ट मात्र आधी वाचावी लागते, यंत्राला कळेल अशी करावी लागते आणि मग चालवावी लागते. यातले बरेचसे काम त्याच मुख्य धाग्यावर होते, जो तुमच्या बोटाच्या दाबालाही उत्तर देतो. स्वस्त फोनच्या प्रोसेसरवर याला महागड्या फोनच्या कितीतरी पट वेळ लागतो, बॅटरी जळते ती वेगळी.

दुसरा अडसर मेमरीचा. ऑनलाइन अर्ज भरताना ओटीपीचा संदेश बघायला बाहेर जावे, परत यावे, तर पान पुन्हा लोड होऊन सगळे रकाने कोरे. हा अनुभव कोणाला नाही? मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागे गेलेला ब्राउझर किंवा त्यातला टॅब बंद करतो. क्रोममधल्या व्हीएट या जावास्क्रिप्ट इंजिनाच्या अभियंत्यांनी २०१९ मध्ये यावर काम केले: क्वचित चालणाऱ्या फंक्शनची तयारी आधीपासून करायची नाही, बराच काळ न वापरलेल्यांचा तयार कोड टाकून द्यायचा. नमुन्याच्या पानांवर या इंजिनाची मेमरी सरासरी १८ टक्के घटली. लागलेच, तर तो कोड पुन्हा तयार करण्याचे थोडे कष्ट पडतात. मला हा सौदा शहाणपणाचा वाटतो.

२०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला. डेटा वाचवणारा यूसी ब्राउझर आपल्याकडे फार चाले, त्यावर जून २०२० मध्ये सरकारने बंदी घातली. क्रोमनेही आपला डेटा वाचवणारा ‘लाइट मोड’ मार्च २०२२ मध्ये बंद केला. अनेक देशांत डेटा स्वस्त झाला आहे, हे त्यामागचे एक कारण सांगितले गेले. माझ्या मते हा निष्कर्ष अपुरा होता. स्वस्त डेटाने हातातला प्रोसेसर वेगवान होत नाही. २०१७ च्या जिओफोनमध्ये फक्त ५१२ एमबी रॅम होती, आणि त्यातही ब्राउझर होताच.

लासलगावच्या बाजार समितीतले उन्हाळ कांद्याचे भाव घ्या. आवक, किमान, कमाल आणि सरासरी दर, अशा दहा-बारा ओळी. हा मजकूर हजार चिन्हांचा धरला तरी ३ केबी होतो. निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टर भरण्याआधी एवढेच हवे असते. त्याभोवती सरकती चित्रे, जाहिराती, वाचकाचा माग ठेवणाऱ्या स्क्रिप्ट लावल्या की पान काही एमबींचे होते. तिथे ब्राउझर काहीही करो, पान बनवणाऱ्याने आधीच निकाल लावलेला असतो.

फॉन्टचेही तेच. ‘एक टाइप’ या फॉन्टसंस्थेच्या ‘मुक्ता’सारखे सुंदर, मुक्त देवनागरी फॉन्ट आज उपलब्ध आहेत. पण जोडाक्षरांच्या शेकडो आकृत्यांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल साध्या रोमन फॉन्टपेक्षा बरीच मोठी असते. एका पानासाठी फॉन्टची चार-पाच वजने, म्हणजे जाड-बारीक रूपे, उतरवायला लावू नयेत. उलट एक सोय जवळजवळ फुकट आहे. पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी असल्याची नोंद केली, की तशी व्यवस्था असलेला फॉन्ट मराठी वळणाचे ल आणि श स्वतःच निवडतो. काही बाइटांचे हे काम कितीतरी मराठी संकेतस्थळे करत नाहीत.

नाशिकला २०२७ मध्ये सिंहस्थ कुंभमेळा आहे. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरात एकाच वेळी लाखो फोन त्याच मोजक्या टॉवरांवर तुटून पडतील, तेव्हा डेटाचा दर काय आहे याला अर्थ राहणार नाही. वाहनतळ कुठे, घाटाकडे जाणारा रस्ता कोणता, हरवलेल्या माणसाची चौकशी कुठे करायची, ही माहिती चित्राविना, स्क्रिप्टविना, साध्या मराठी-हिंदी मजकुरात पहिल्या ५० केबींत आली पाहिजे, आणि एकदा उघडलेले पान नेटवर्क गेल्यावरही फोनमध्ये राहिले पाहिजे. ही तंत्रे ब्राउझरमध्ये आजच आहेत. सिंहस्थासाठी पाने बनवणाऱ्या नाशिककर अभियंत्यांनी ती ऑफिसच्या वायफायवर तपासू नयेत. दोन जीबी रॅमचा जुना फोन घ्यावा आणि ऐन गर्दीच्या वेळी पंचवटीत उभे राहून ती उघडून पाहावीत.