मातीत दमदार, मॅटवर बेजार! तालमीतल्या मेहनतीत नेमकं काय बदलायला हवं?

गावोगावच्या जत्रांमध्ये कुस्त्या मारणारा पोरगा जिल्ह्याच्या स्पर्धेत मॅटवर उतरतो आणि दोन मिनिटांत १०-० असा हरतो. घरी मग एकच चर्चा होते, खुराक कमी पडला की मेहनत? अनेकदा दोन्ही पुरेसं असतं. पोराची तयारी एका खेळाची झालेली असते आणि तो उतरतो दुसऱ्याच खेळात. तालमीची पारंपरिक मेहनत आणि आधुनिक प्रशिक्षण, यातलं काय ठेवायचं आणि काय बदलायचं? समजून घेऊया.

माती आणि मॅट, फरक काय?

जत्रेतल्या कुस्तीत खरा निकाल चितपटीचा. पैलवान पोटावर घट्ट पडून राहिला, पाठ लागू दिली नाही, की तो वाचला. तेवढ्यात दम खाता येतो, समोरच्यालाही दमवता येतं. लंगोट-जांघिया धरून डाव टाकता येतो.

मॅटवर गणित वेगळं आहे. फ्रीस्टाइल कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये ३० सेकंद विश्रांती असते. प्रतिस्पर्ध्याला खाली नेऊन ताबा मिळवला की २ गुण, त्याची पाठ मॅटकडे वळवली की २ गुण, वर्तुळाबाहेर ढकललं की १ गुण. १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते.

आता हिशोब करा. एकदा खाली नेलं आणि भारंदाज लावून सलग चार वेळा फिरवलं, तर २ अधिक ८, म्हणजे १० गुण. मातीत पोटावर पडून राहणं हा बचाव असतो, मॅटवर तीच सवय काही सेकंदांत पराभव ठरते. शिवाय समोरच्याचा पोशाख धरणं हा नियमभंग.

मग तालमीतली मेहनत जुनी झाली का?

अजिबात नाही. फावड्याने आखाडा खणताना पंजा, पाठ आणि खांदे एकत्र काम करतात. दोर चढल्याने पकड तयार होते, मल्लखांबाने अंगाला लवचिकता येते. जोर मारताना खांदे, छाती आणि पाठीचा कणा एका लयीत हलतात. खडाखडीत समोरच्याच्या वजनाचा अंदाज हाताला कळतो, तो कोणत्याही यंत्रावर कळत नाही.

याच पायावर कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव उभे राहिले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मॅटचा फारसा सराव नसताना ते सहावे आले. त्यानंतर तयारी वाढवून १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. अलीकडचं उदाहरण बीड जिल्ह्यातल्या राहुल आवारेचं. मातीत सुरुवात करून पुण्यातल्या तालमीत घडलेल्या राहुलने २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्यपदक पटकावलं.

कमी कुठे पडतं?

ताकद : हजार बैठकांनी पायांचा चिवटपणा वाढतो, पण एका झटक्यात समोरच्याला उचलण्याची ताकद त्याच प्रमाणात वाढत नाही. त्यासाठी जास्त वजन, कमी आवर्तनं आणि मध्ये पुरेशी विश्रांती लागते. आकडा वाढवण्याच्या नादात गुडघ्यांवर येणारा ताण वेगळाच.

दम : पूर्ण जोर लावून केलेल्या झटापटीसाठी स्नायूंमध्ये साठवलेली ऊर्जा साधारण १० सेकंदच पुरते. मॅटवर असे झटके पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. रोज एकाच गतीने लांब पळून ती सवय लागत नाही. २०-३० सेकंद पूर्ण वेगाने काम, थोडी विश्रांती, पुन्हा काम, असा सराव त्याच्या जास्त जवळ जातो.

डाव : जोडीदार नुसता उभा राहिला की प्रत्येक पट लागतो. डाव आधी विरोधाविना घोटायचा, मग जोडीदाराने थोडा विरोध करायचा, शेवटी पूर्ण. त्यासोबत प्रसंग ठरवून लढायचं : ३० सेकंद उरलेत आणि तू एका गुणाने मागे आहेस, किंवा तू पोटावर आहेस, आता भारंदाज लागू द्यायचा नाही.

विश्रांती आणि वजनाचं काय?

रोज अंग मोडेपर्यंत मेहनत म्हणजे चांगली मेहनत, हा समज तालमीत अजून आहे. पण स्नायू मेहनत करताना दमतात आणि विश्रांतीत सुधारतात. स्पर्धेआधीच्या आठवड्यात मेहनत कमी करणं हा आळस नाही, तयारीचाच भाग आहे.

मॅटवर वजनगट असतो, तिथेच सर्वात धोकादायक चूक होते. पाणी तोडून, गरम कपडे घालून घाम काढत दोन दिवसांत काही किलो घटवले जातात. १९९७ मध्ये अमेरिकेत असं वजन घटवताना सव्वा महिन्याच्या आत तीन कॉलेज मल्लांचा मृत्यू झाला. त्यानंतर तिथले नियम कडक झाले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीच्या दिवशी वजन सुमारे १०० ग्रॅम जास्त भरल्याने विनेश फोगाट अपात्र ठरली. वाढत्या वयातल्या मुलाला झटपट वजन उतरवायला लावण्यापेक्षा वरच्या गटात खेळवणं केव्हाही चांगलं.

छोट्या तालमीत काय करता येईल?

- मॅट नसली तरी घड्याळ लावा. आठवड्यातून किमान दोन दिवस तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्या गुण मोजून लढवा.
- मातीतही ‘पोटावर पडलास की २ गुण गेले’ असा नियम लावा. सवय तिथेच मोडते.
- मोबाइलवर कुस्ती चित्रित करा आणि गुण कुठे गेले ते पोरासोबत बसून पाहा.
- वहीत रोजची मेहनत, झोप आणि वजन लिहा.
- दुखणाऱ्या गुडघ्यावर बैठका मारायला लावू नका, डॉक्टरांना दाखवा.
- स्पर्धेआधी जवळच्या मॅटवर काही दिवस सराव मिळेल, अशी सोय करा.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. महाराष्ट्र केसरीतही माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि किताबासाठी दोन्हींचे विजेते समोरासमोर येतात. त्यामुळे पोराला तालमीत घालताना वस्तादांना पहिल्याच दिवशी विचारा, हा मातीत लढणार, मॅटवर लढणार की दोन्हीकडे? मेहनत कशी करायची, ते त्या उत्तरावर ठरेल.