डोंबिवलीचे करदाते व त्यांचे स्वराज्य

दुकानदार कितीही कामात असला तरी महिन्याकाठी एकदा मुनिमाची खातेवही उघडून पाहतोच. आणि मुनीम प्रामाणिक आहे म्हणून ती पाहण्याचे सोडून देणाऱ्या धन्यास व्यवहारी जग शहाणा म्हणत नाही. हा साधा नियम आपण आपल्या गावाच्या कारभारास लावतो काय? मुंबईचे उपनगर म्हणून नांदणाऱ्या डोंबिवलीचा इतिहास पाहता या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक येत नाही.

१ मे १८५४ रोजी आगगाडी ठाण्याच्या पुढे कल्याणपर्यंत धावू लागली आणि या मुलखाचे दैव पालटले. प्राचीन काळापासून बंदर म्हणून नावाजलेल्या कल्याणास १८५५ साली नगरपालिका मिळाली. त्या वेळी शहरसुधारणेचा जो १८५० चा कायदा होता, त्याचे एक कलम आजही मननीय वाटते. रहिवाशांनी स्वतः मागणी केल्याखेरीज तो कोणत्याही गावास लागू होत नसे. परक्या सरकारासदेखील लोकांस विचारल्याविना त्यांच्यावर नगरपालिका लादणे प्रशस्त वाटले नव्हते.

पुढे मुंबईत जागा पुरेनाशी झाली, नोकरदार वर्ग डोंबिवलीस येऊन राहिला, कारखान्यांची वसाहत उभी राहिली. आणि १ ऑक्टोबर १९८३ रोजी दोन्ही शहरे व भोवतालची गावे मिळून कल्याण-डोंबिवली महानगरपालिका अस्तित्वात आली. परंतु तिची पहिली निवडणूक झाली ती १९९५ साली! बारा वर्षे कर लोकांनी भरला व तो खर्च कोठे करावयाचा हे सरकारने नेमलेल्या प्रशासकाने ठरविले. पुन्हा नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली. प्रथम साथीचे आणि मग आरक्षण व प्रभागरचनेच्या वादाचे कारण होऊन निवडणूक लांबत गेली, ती अखेर सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली हुकूम दिल्यानंतर १५ जानेवारी २०२६ रोजी पार पडली. म्हणजे सुमारे बेचाळीस वर्षांपैकी सतरा वर्षे या शहरास लोकनियुक्त सभागृहच नव्हते. २०११ च्या खानेसुमारीत सुमारे साडेबारा लाख वस्ती भरलेल्या शहराची ही कथा आहे.

भोवतालच्या सत्तावीस गावांची कथा याहून विलक्षण. १९८३ साली ती महापालिकेत घातली गेली, २००२ साली वगळली गेली, २०१५ साली पुन्हा घेतली गेली. २०२० साली त्यांतील अठरा वगळण्याचा हुकूम निघाला व तो त्याच वर्षी उच्च न्यायालयाने रद्द केला. घरपट्टी वाढली पण पाणी, रस्ते व गटारे त्या मानाने आली नाहीत, ही तेथील रहिवाशांची जुनीच तक्रार आहे. ही गावे आत असावीत की बाहेर, याविषयी दोन मते असू शकतील. परंतु १८५० चा कायदा जे विचारीत होता तेवढे तरी या ग्रामस्थांस रीतसर मतदान घेऊन एकदा विचारावयास नको होते काय?

यावर कित्येक गृहस्थ म्हणतील की, नगरसेवकांच्या भांडणांपेक्षा एकटा दक्ष अधिकारी बरा. या आक्षेपात तथ्यांश नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु अधिकारी उत्तर देतो ते ज्यांनी त्याला नेमले त्यांना; आपल्या आळीतील तुंबलेल्या गटाराबद्दल त्याची नेमणूक काढून घेण्याचा अधिकार आपल्याला नसतो. नालायक नगरसेवकास मात्र पाच वर्षांनी घरी बसविता येते. लॉर्ड रिपन यांनी १८८२ च्या आपल्या ठरावात स्थानिक स्वराज्याचा मुख्य हेतू कारभाराची सफाई हा नसून लोकशिक्षण हा आहे, असे म्हटले होते. चालण्यास शिकणारे मूल पडते म्हणून त्याला जन्मभर कडेवर कोणी बाळगीत नाही.

दोष केवळ सरकारचा मात्र नव्हे. डोंबिवलीकर सकाळच्या गाडीने मुंबईस जातो व रात्री परततो. जागेपणाचे बहुतेक तास दुसऱ्या शहरास देतो. त्यामुळे आपले गाव म्हणजे निजण्याची जागा, अशी त्याची भावना नकळत होते. परंतु त्याची मुले, त्याचे वृद्ध आईबाप दिवसभर याच गावचे पाणी पितात व याच रस्त्यांवरून चालतात, हे त्याने विसरू नये.

१९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने दोन हक्क स्पष्ट दिले आहेत: मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक झालीच पाहिजे, आणि तीन लाखांवरील वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असल्याच पाहिजेत. पहिला हक्क मोडला तेव्हा शहरातील व्यापारी, वकील, शिक्षक यांनी एकमुखाने सभा भरवून जाब विचारावयास हवा. दुसऱ्याचा उपयोग आजपासूनच करता येईल. आपल्या प्रभागात कर किती जमला व खर्च किती झाला, एवढा एकच हिशेब प्रत्येक करदात्याने दरवर्षी मागावा. वही उघडली म्हणजे मुनीम आपोआप सावध होतो. धनी मात्र आधी जागा झाला पाहिजे.