लहान वर्कशॉपसाठी कॉलेट आणि टूल होल्डर

कॉलेट म्हणजे उभ्या खाचा पाडलेली, बाहेरून निमुळती पोलादी नळी. नट आवळला की ती होल्डरमधल्या निमुळत्या भोकात दबते, खाचा मिटतात आणि कटर चहूबाजूंनी सारखा पकडला जातो. पैसे वाचवायला एंड मिल ड्रिल चकमध्ये धरू नये. चक ड्रिलचा उभा दाब सोसतो. एंड मिलचा आडवा रेटा आला की त्याची पकड ढिली होते, कटर खाली सरकतो आणि जॉब वाया जातो.

वऱ्हाडातल्या गावाकडच्या लेथवर आज मुख्यतः दुरुस्तीच चालते: जिनिंगचे शाफ्ट, डाळ मिलची पुली, ट्रॉलीच्या पिना, पंपाचे बुश. रोज नवा जॉब, नवे माप. अशा वर्कशॉपने मोठ्या कारखान्याची खरेदीची यादी उतरवून घेण्यात अर्थ नाही.

त्याला सर्वांत सोयीचा ईआर कॉलेट. स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्स कंपनीने तो १९७० च्या दशकात आणला. पुढे त्याचे प्रमाण ठरल्यामुळे आता अनेक कंपन्या तो बनवतात आणि एकाचा कॉलेट दुसऱ्याच्या होल्डरमध्ये बसतो. ईआर-३२ मध्ये साधारण २ ते २० मिमीपर्यंतचे कटर धरता येतात. प्रत्येक कॉलेट सुमारे १ मिमी दबतो, म्हणजे १० चा कॉलेट ९ ते १० मिमी पकडतो. त्याहून जाड दांडा त्यात ठोकून बसवू नये. दुकानदार ३ ते २० मिमीचा १८ नगांचा संच पुढे करतो. पण एंड मिलचे दांडे बहुतेक ६, ८, १०, १२, १६ आणि २० मिमीचेच असतात. हे सहा कॉलेट चांगल्या प्रतीचे घ्यावेत आणि उरलेला पैसा होल्डर व नटवर घालावा.

कारण खरा तोटा ‘आउट’ फिरण्यात आहे. दोन दातांच्या एंड मिलला दर दाती ०.०२ मिमी फीड दिली आणि डायलवर आउटही ०.०२ च दिसला, तर वाईटात वाईट स्थितीत एक दात ०.०४ मिमी कापतो आणि दुसरा नुसताच फिरतो. एकाच दातावर सगळा भार पडून कटर लवकर जातो. स्वस्त कॉलेटमध्ये वाचलेले पैसे असे एंड मिलपायी निघून जातात. म्हणून घेताना ग्राइंड केलेली पिन धरून, स्पिंडल हाताने फिरवत डायलवर आउट पाहावा: एकदा नटाजवळ, एकदा टोकाकडे.

चांगला कॉलेटही चुकीच्या जोडणीने बिघडतो. तो आधी नटमध्ये तिरपा घालून ‘टक्’ असा बसवायचा आणि मगच नट होल्डरवर चढवायचा. सुटा कॉलेट होल्डरमध्ये टाकून वरून नट आवळला, तर तो वाकडा दबतो आणि काढताना अडकून बसतो.

होल्डरची मागची बाजू स्पिंडलप्रमाणे घ्यावी: कुठे आर-८, कुठे आयएसओ-४०, कुठे मोर्स टेपर. मिलिंगला मोर्स टेपरचा होल्डर ड्रॉबारने मागून ओढलेलाच हवा, नाहीतर हादऱ्यांनी तो सुटतो. लेथच्या स्पिंडलमध्ये असा भरीव होल्डर बसवला तर आखूड पिना छान धरता येतात. पण लांब सळई आरपार जाण्यासाठी फेसप्लेटवर बसणारा, मधून पोकळ ईआर चकच हवा.

लेथच्या टूल होल्डरमध्ये फसगत वेगळी होते. सीएनएमजी इन्सर्टला चार धारा, सीसीएमटीला दोनच. त्यामुळे धारेमागे भाव काढणारा पहिला उचलतो. पण सीएनएमजी निगेटिव्ह बसतो, कापताना जास्त दाब मागतो आणि हलक्या किंवा झिजलेल्या लेथवर चॅटर येतो. तिथे सीसीएमटीचा एससीएलसीआर होल्डरच परवडतो. त्याच्या नावातले २०२० म्हणजे २० मिमी उंच आणि २० मिमी रुंद दांडा. टूल पोस्टच्या बैठकीपासून सेंटरपर्यंतची उंची आधी मोजावी. ती २० मिमी असेल तर २५ चा होल्डर चालणारच नाही. १६ चा मात्र खाली ४ मिमीच्या सपाट पट्ट्या देऊन सेंटरला आणता येतो.