होतकरूंचा भाव

आमच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर दरवर्षी एक कागद लागतो. ‘गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की...’ अशी त्याची सुरुवात असते. पहिल्या वर्षी मीही अर्ज केला. ‘गरीब’ या शब्दासाठी उत्पन्नाचा दाखला जोडावा लागला; ‘होतकरू’ या शब्दाचा पुरावा मात्र कोणी मागितला नाही. मागितला असता तरी काय देणार? ज्याच्या हातून अजून काही झालेले नाही, पण पुढे होईल असे इतरांना वाटते, तो होतकरू.

या शब्दाचा बाजारभाव ठरवणारा एक खेळ आहे, हे मला बेसबॉलमुळे कळले. मी आमच्या सॉफ्टबॉलच्या संघात राखीव खेळाडू आहे (राखीव म्हणजे बहुतेक वेळ पाण्याच्या बाटल्या सांभाळणारी). सॉफ्टबॉलचे नियम समजून घेता घेता त्याचा थोरला भाऊ जो बेसबॉल, त्याच्याविषयी वाचत गेले आणि एका वादापाशी येऊन थांबले. अमेरिकेत दर उन्हाळ्यात, जुलै संपत आला की, जिंकण्याच्या बेतात असलेल्या प्रत्येक संघाच्या चाहत्यांत हा वाद पेटतो. आपली दोन-चार होतकरू पोरे देऊन दुसऱ्या संघाचा नामवंत पिचर आणावा, की पोरे राखावीत?

पिचर म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा. आपला गोलंदाज षटक संपले की दुसऱ्याच्या हाती चेंडू देतो. बेसबॉलमधला सुरुवातीचा पिचर मात्र जमेल तितके डाव एकटाच फेकत राहतो आणि मग चार दिवस हाताला विश्रांती देतो. वर्षाच्या १६२ सामन्यांपैकी तिसाबत्तिसांतच तो सुरुवात करतो. इतक्यासाठी एवढी किंमत का, असे कोणालाही वाटेल. परंतु अखेरच्या बाद फेरीत पाच किंवा सात सामन्यांच्या मालिका असतात. तेथे हाच एक माणूस दोनदा, क्वचित तीनदा उभा राहू शकतो. त्याचे मोल तेथे वाढते.

आता पोरांची बाजू. प्रत्येक मोठ्या संघाच्या हाताखाली लहान संघांची उतरंड असते, आणि तिला अमेरिकेत ‘फार्म’, म्हणजे चक्क शेत, असे म्हणतात. ब्रँच रिकी नावाच्या गृहस्थाने १९२० च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्ससाठी ही पद्धत बसवली. शाळा-कॉलेजातून उचललेली पोरे या शेतात वाढवायची आणि पिकली की वर न्यायची. १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर या पिकाला आणखी भाव आला. त्यापूर्वी खेळाडू संघाला जवळजवळ जन्माचा बांधलेला असे. नंतर मोठ्या संघात सहा वर्षे भरली की तो मोकळा होऊन हवे तेथे जाऊ लागला. म्हणजे वर आलेला नवा मुलगा सहा वर्षे तुलनेने स्वस्तात मिळतो. उलट ज्या पिचरसाठी जुलैत जीव टाकायचा, त्याचा करार पुष्कळदा त्याच हंगामाअखेर संपणार असतो. तो तीन महिन्यांचा पाहुणा असतो.

हे वाचताना मला आमचा गोठा आठवला. मी दहावीत असताना वडिलांनी दोन वगारी देऊन एक दुभती म्हैस घेतली. आजीचा विरोध होता. वडिलांचे म्हणणे, दूध आज पाहिजे, फी आज भरायची आहे. म्हशीने दूध दिले, फीही भरली गेली. पण दिलेल्यांपैकी एक वगार पुढे गावातच दुसऱ्याच्या दावणीला उत्तम दुधाची निघाली. आजी अजून त्या रस्त्याने जात नाही. तेव्हा डेट्रॉईटच्या चाहत्यांचे दुःख मला कोणी वेगळे समजावून सांगायला नको.

डेट्रॉईटची गोष्ट १९८७ ची. डेट्रॉईट टायगर्स आणि टोरोंटो यांच्यात चुरस चालू होती. १२ ऑगस्टला टायगर्सनी अटलांटा ब्रेव्हजकडून डॉयल अलेक्झांडर हा पिचर घेतला. त्याला सदतिसावे वर्ष चालू होते. बदल्यात दिला जॉन स्मोल्ट्झ, वय वीस. हा मुलगा मिशिगन राज्याचाच, टायगर्सचे सामने पाहत वाढलेला. त्याचे आजोबा टायगर्सच्या मैदानावर कामाला होते. दोन वर्षांपूर्वीच्या निवडीत त्याचे नाव बाविसाव्या फेरीत पुकारले गेले होते आणि त्या उन्हाळ्यात खालच्या संघात तो चार सामने जिंकून दहा हरला होता. त्याच्यात काही असामान्य आहे असे त्या आकड्यांवरून कोण म्हणाले असते?

अलेक्झांडर आला आणि ११ सामन्यांत सुरुवात करून ९ जिंकला, हरला एकही नाही. नऊ डावांमागे त्याने सरासरी १.५३ धावा दिल्या. तीनच्या आत दिल्या तरी पिचर उत्तम मानतात. टायगर्स अवघ्या दोन सामन्यांच्या फरकाने टोरोंटोच्या पुढे राहिले. नंतरच्या मालिकेत मिनेसोटाने त्यांना हरवले, आणि त्या मालिकेत अलेक्झांडरने सुरुवात केलेले दोन्ही सामने गेले. दोन वर्षांनी तो निवृत्त झाला. स्मोल्ट्झ अटलांटासाठी वीस हंगाम खेळला, १९९५ च्या विजेत्या संघात होता, १९९६ मध्ये आपल्या लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला आणि २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. डेट्रॉईटला मात्र १९८७ नंतर बाद फेरी दिसली ती थेट २००६ मध्ये. मध्ये गेली १९ वर्षे. म्हणजे माझे आजचे वय!

फसलेल्या सौद्यांचा विषय निघाला की हे उदाहरण हटकून दिले जाते. मला ते तितकेसे पटत नाही. अलेक्झांडरचे नऊ विजय बाजूला काढा, मग ते दोन सामन्यांचे अंतर राहिले असते का? सौदा झाला त्या दिवशी संघापुढे एक चालू हंगाम होता आणि दहा सामने हरलेला एक मुलगा होता. पुढची वीस वर्षे त्या दिवशी कोणाच्याच हातात नव्हती. निकाल लागल्यावर पेपर सोडवणे सोपे असते.

दुसरे उदाहरण मिलवॉकीचे. मिलवॉकी ब्रुअर्स १९८२ नंतर बाद फेरीत पोचलेच नव्हते. पंचविशीतल्या चाहत्याला तो आनंद ठाऊकच नव्हता. ७ जुलै २००८ रोजी त्यांनी क्लीव्हलँडकडून सी. सी. सबाथिया हा पिचर आणला. सर्वांना माहीत होते की हंगाम संपला की तो जाणार. त्याच्यासाठी दिलेल्यांत मुख्य मोहरा होता मॅट लापोर्टा, आदल्या वर्षीच्या निवडीत सातवा आलेला फलंदाज. चाहत्यांची हळहळ होती ती त्याच्यासाठी. सबाथियाने १७ सामन्यांत सुरुवात करून ११ जिंकले, २ हरले, आणि ७ सामने एकट्याने शेवटपर्यंत फेकले. हंगामाच्या अखेरीस तर चारऐवजी तीनच दिवसांच्या विश्रांतीवर तो पुन्हा पुन्हा उभा राहिला. शेवटच्या दिवशी, २८ सप्टेंबरला, त्याने शिकागो कब्जविरुद्ध पूर्ण सामना फेकून जिंकला आणि सव्वीस वर्षांचा उपास सुटला. पुढच्या फेरीत संघ फिलाडेल्फियाकडून हरला आणि सबाथिया न्यूयॉर्क यांकीजकडे गेला.

आणि तो लापोर्टा? मोठ्या संघात त्याचे चार हंगाम जेमतेम झाले. सौद्यात एक नाव मागाहून कळवायचे ठरले होते. ते निघाले मायकेल ब्रँटली. त्याने २०१४ मध्ये क्लीव्हलँडसाठी दोनशे फटके मारले आणि पुढे वर्षानुवर्षे नावाजलेला फलंदाज म्हणून खेळला. ज्याच्यासाठी लोक हळहळले तो वाया गेला, आणि ज्याचे नाव कागदावर रिकामे होते तो निघाला हिरा.

म्हणून या वादात ‘पोरे राखा’ म्हणणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे: कोणती पोरे? कोणता मुलगा पुढे स्मोल्ट्झ होईल हे सांगणारा अजून जन्मलेला नाही. आणि ‘द्या सगळी’ म्हणणाऱ्यांना दुसरा: ज्याला देता, त्याला विचारले का? दहा वर्षे मोठ्या संघांत, त्यांतली अखेरची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला नकाराचा हक्क असतो. खालच्या उतरंडीतल्या वीस वर्षांच्या मुलाला तो नसतो. त्याने बॅग भरायची. मला हा भाग फार टोचतो. कदाचित मीही कोणाच्या तरी हिशेबातली होतकरू आहे म्हणून टोचत असेल. माझ्या फीसाठी वगारी गेल्या, तेव्हा मलाही कोणी विचारले नव्हते.

एवढे असूनही मिलवॉकीच्या जागी असते तर मी सबाथिया आणला असता. सव्वीस वर्षे थोडी नव्हेत. करार संपत आलेल्या पिचरसाठी एक मुलगा द्यावा, चार देऊ नयेत, असा माझा कौल. पण त्या एकाचे नाव मला लिहायला सांगितले, तर हात थांबेल.

डेट्रॉईटचे पुढे काय झाले तेही सांगते. २०१७ मध्ये टायगर्स खाली घसरले होते, आणि या वेळी ते विकणारे होते. ३१ ऑगस्टच्या रात्री, मुदत संपायला काही क्षण उरले असताना, त्यांनी आपला जस्टिन व्हर्लँडर ह्यूस्टन अॅस्ट्रोजला दिला. त्याला नकाराचा हक्क होता, म्हणून त्याचा होकार घ्यावा लागला. ह्यूस्टन त्याच वर्षी विजेते झाले. बदल्यात डेट्रॉईटला तीन पोरे मिळाली. त्यांतला सर्वांत मोलाचा समजला गेलेला फ्रँकलिन पेरेझ हा पिचर दुखापतींनी खचला आणि टायगर्सच्या मुख्य संघापर्यंत पोचलाच नाही. दुसरा, डॅझ कॅमेरॉन, थोडे दिवस खेळून गेला. तिसरा जेक रॉजर्स, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. १ ऑक्टोबर २०२४ रोजी बाद फेरीच्या पहिल्या सामन्यात टायगर्सनी ह्यूस्टनला ह्यूस्टनच्याच मैदानावर ३-१ असे हरवले. त्या दिवशी टायगर्सच्या पिचरचे चेंडू झेलायला रॉजर्स बसला होता, आणि एक धावही त्याच्याच फटक्यावर आली. व्हर्लँडरला ह्यूस्टनने त्या मालिकेच्या संघातच घेतले नव्हते.