थेऊरला औषध नेता आले तर

काळाच्या मागे जाता आले, तर इतिहासातले काय बदलाल? वर्गात एकदा विचारून पाहा. निम्म्याहून अधिक मुले पानिपत म्हणतील. कुणी भाऊसाहेबांना 'हत्तीवरून उतरू नका' म्हणून सांगायला धावेल. गुरुजी, तुमच्याही मनात तेच येईल. मी मात्र पानिपतला जाणार नाही. एवढ्या मोठ्या रणात एकट्या माणसाने जाऊन करायचे काय? मी थेऊरला जाईन, औषधाची पेटी घेऊन.

पानिपतचा घाव 14 जानेवारी 1761 चा. त्याच वर्षी सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. 1763 साली राक्षसभुवनला निजामाचा पराभव, मग हैदरवर स्वाऱ्या, आणि 1771 साली मराठी फौजा पुन्हा दिल्लीत. दहा वर्षांत घाव भरत आणला, आणि 18 नोव्हेंबर 1772 रोजी हा माणूस थेऊरच्या चिंतामणीपाशी क्षयाने गेला. वय अवघे सत्तावीस! वर्ष भरायच्या आत नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला, आणि 1775 साली राघोबादादांनी सुरतेस इंग्रजांशी तह केला. त्या गणपतीपाशी एक आजारी माणूस बरा झाला असता तर हे सारे टळले असते का? नक्की कोण सांगणार! पण जाऊन पाहावेसे वाटते खरे.

आता पेटीत काय न्यायचे? तुम्ही म्हणाल, स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने. हे औषध 1943 साली सापडले. पण ते एकटे नेऊन चालत नाही, बरं का! 1948 साली इंग्लंडातल्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले, त्यांत हेच दिसले. रोगी आधी सुधारले. पण पुढे कित्येकांच्या अंगातले जंतू त्या औषधाला दाद देईनात. शेतातले तण अर्धवट उपटावे, आणि चिवट तेवढे राहून तेच फोफावावे, तसा हा प्रकार. म्हणून औषधे दोन-तीन मिळून द्यावी लागतात. आज साध्या क्षयाला चार औषधांनी सुरुवात करतात आणि उपचार सहा महिने चालतो. हा जंतू फार सावकाश वाढतो, काही तर निपचित पडून राहतात. त्यांना गाठायला वेळ लागतो.

म्हणजे थेऊरला एक खेप करून भागत नाही. सहा महिने मुक्काम करायला हवा. आणि तिथे माझे ऐकणार कोण? खोकल्याबरोबर हवेत उडणारा, डोळ्यांना न दिसणारा जंतू हा रोग करतो, हे रॉबर्ट कॉख यांनी 1882 साली बर्लिनमध्ये दाखवून दिले. म्हणजे माधवरावांनंतर एकशे दहा वर्षांनी! दरबारातले वैद्य मला वेड्यात काढतील.

बरे, समजा ऐकले. दोन महिन्यांत ताप उतरेल, अन्न गोड लागेल. मग तो करारी माणूस अंथरुणावर राहील? 'आता आम्हांस काय झाले आहे?' म्हणत घोड्यावर बसेल आणि कर्नाटकाकडे निघेल. माझी पेटी राहील देवळात.

हे मी कल्पनेने सांगत नाही. 1965 साली माझ्या थोरल्या काकांना हाच रोग होता. औषध होते, आणि ते दीड वर्ष घ्यायचे होते. तालुक्याला जाऊन इंजेक्शन, घरी गोळ्या. तिसऱ्या महिन्यात खोकला थांबला, अंग भरले. इतक्यात मृग लागला. काका म्हणाले, "पेरणी झाली की बघू." गोळ्यांची बाटली चुलीवरच्या फळीवर गेली. मी आठ वर्षांचा. ती तिथे आहे हे मला रोज दिसत होते. पेरणी झाली, कोळपणी झाली, सुगी झाली. दुसऱ्या वर्षी खोकला आला तेव्हा ती औषधे लागू पडली नाहीत.

तेव्हा मंडळी, खरेच मागे जाता आले तर थेऊरला दुसऱ्या कुणी जावे. मी त्या मृगाच्या सकाळी आमच्या स्वयंपाकघरात जाईन, फळीवरची बाटली काढीन, आणि औत जुंपायच्या आधी काकांच्या हातावर गोळी ठेवीन.