लोत्रेकने रात्र नव्हे, रात्रपाळी रंगवली

आंरी द तुलूझ-लोत्रेक (१८६४–१९०१) म्हटलं की पॅरिसची रंगेल रात्र आठवते. माझं म्हणणं, त्याने रंगवले ते रात्री राबणारे कलावंत. ‘मुलँ रूज’ या नृत्यगृहाचं १८९१चं पोस्टर पाहा: मधोमध नर्तकी ला गुल्यूचा पांढराशुभ्र घेर, पुढे तिच्या जोडीदाराची करडी आकृती, मागे प्रेक्षकांच्या नुसत्या काळ्या सावल्या. पैसे मोजणाऱ्यांना चेहरा नाही. नाचणारीला मात्र नाव आहे, रंग आहे. १८९२च्या चित्रात नर्तकी जेन आव्रिल कोट-टोपी घालून एकटीच बाहेर पडते. अंगात नाच नाही, थकवा आहे.

कुणी म्हणेल, पोस्टर म्हणजे जाहिरात, आणि लोत्रेक तर सरदार घराण्यातला, पाहुणाच. दोन्ही खरं. पण जाहिरात मोहात पाडते तिथेच थांबते. त्याची चित्रं खेळ संपल्यानंतरही माणसासोबत राहतात. पाटोद्यासारख्या गावातल्या वाचकाला हे परकं वाटू नये. जत्रेतला फड रंगतो तेव्हा सगळ्यांना घुंगरू ऐकू येतात. पहाटे ते सोडणारे सुजलेले पाय फार थोड्यांना दिसतात. लोत्रेक त्या थोड्यांपैकी होता, म्हणून तो आपलासा वाटतो.