ट्रंपेटला बूच!

दोस्तांनो, उदगीरची लढाई तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचली असेल. १७६० साली सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाला तिथे हरवलं. पण आज मी सांगणार आहे ती उदगीरची लढाई अगदी वेगळी. ती झाली माझ्या बहिणीच्या घराच्या माळवदावर. एका बाजूला अकरावीतला माझा भाचा आणि त्याचं ट्रंपेट, तर दुसऱ्या बाजूला अख्खी गल्ली!

त्याचं झालं असं. भाच्याला लहानपणापासून बँडचं वेड. परण्या निघाला की हा नवरदेवाकडे बघायचाच नाही, बँडवाल्यांच्या मागे मागे मारुतीच्या देवळापर्यंत जायचा. शेवटी गावातल्या एका बँडच्या मास्तरांनी त्याला शिकवायचं कबूल केलं. एक जुनं ट्रंपेट घरी न्यायला दिलं आणि सांगितलं, "अक्षय्य तृतीयेपर्यंत सहा गाणी पक्की बसव. बसली तर तुला गणवेश. नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

भाचा हरखून गेला. पण लग्नसराईच्या आधी काय येतं, सांगा बरं? बरोबर! बोर्डाच्या परीक्षा! भिंतीला भिंत लागलेली घरं. शेजारची ताई दहावीला. पलीकडच्या घरात एक आजी अंथरुणाला खिळलेल्या. तिसऱ्याच दिवशी शेजारच्या काकू माळवदावर आल्या. "लेकरा, तुझं चांगलंच चाललंय. पण आमचं पोरगं अभ्यास करलालंय रे. जरा हळू वाजव की!"

आता ट्रंपेट हळू वाजवणं म्हणजे वाघाला हळू डरकाळी फोड म्हणण्यासारखंच. नवशिक्याला तर ते मुळीच जमत नाही. वाजवणाऱ्याच्या जवळ ट्रंपेटचा आवाज शंभर डेसिबलच्याही वर जातो. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. काकूंची तक्रार काही उगीच नव्हती!

भाच्याने मग आपलं डोकं चालवलं. आजीचं जुनं लुगडं घेतलं आणि ट्रंपेटच्या भोंग्यात कोंबलं. आवाज बसला खरा, पण त्याच्याबरोबर सूरही बसला! खालचे स्वर निघेनात, वरचे भलतीकडेच पळू लागले. गाल लाल, कपाळावर घाम आणि बाहेर नुसतं फुस्स! तेव्हा त्याने मला फोन केला. "मामा, ट्रंपेटला लावायचं बूच असतं म्हणे. कोणतं घेऊ?"

त्या बुचाला म्हणतात म्यूट. पण ते निवडण्याआधी ट्रंपेट वाजतं कसं, हे समजून घ्यायला हवं.

ट्रंपेटमध्ये पिपाणीसारखी पत्ती नसते. पत्तीचं काम आपले ओठ करतात. माउथपीसला लावलेले ओठ थरथरतात आणि नळीतली हवा कंप पावू लागते. ही नळी गुंडाळलेली असते म्हणून लहान वाटते. सरळ केली तर जवळजवळ दीड मीटर भरेल! आता गंमत ऐका. भोंग्यापर्यंत पोचलेला सगळा ध्वनी बाहेर पडत नाही. त्यातला बराचसा भोंग्यापाशी आपटून नळीत परत येतो. परत आलेल्या या लाटाच ओठांना ताल धरून थरथरायला लावतात आणि त्यामुळे सूर स्थिर राहतो. म्हणजे ट्रंपेट आणि ओठ यांचं हे एक बोलणंच चालू असतं म्हणा ना!

भोंग्यात बूच लावलं की बाहेर पडणारा आवाज घटतो. पण आत परतणाऱ्या लाटाही बदलतात. म्हणून बूच चांगलं नसेल तर सूर चढतो आणि खालचे स्वर डळमळतात. लुगड्याने नेमका हाच घोटाळा केला होता!

ही गोष्ट संगीतकारांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इटलीच्या मोंतेवेर्दी या संगीतकाराने १६०७ साली 'ऑर्फेओ' नावाचं संगीतनाटक रचलं. त्याची सुरुवात ट्रंपेटच्या ललकारीने होते. छापील प्रतीत त्याने सूचनाच दिली आहे, की ट्रंपेटला म्यूट लावणार असाल तर बाकीच्यांनी ही ललकारी एक स्वर वर वाजवावी. त्या काळच्या म्यूटने ट्रंपेटचा सूर तेवढा चढत असे.

दुकानात गेलात तर म्यूटचे बरेच प्रकार दिसतील. शंकूसारखा असतो तो स्ट्रेट म्यूट. त्याच्यापुढे वाटी बसवली की झाला कप म्यूट. मधे नळी असलेला हार्मन म्यूट 'वा-वा' असा आवाज काढतो. तुंबलेली मोरी मोकळी करायचं रबरी भांडं असतं ना, तसलंच भांडं भोंग्यापुढे उघडझाप करूनही वाजवतात! पण सावधान! हे सगळे प्रकार आवाजाचा रंग बदलण्यासाठी आहेत. शेजाऱ्यांच्या झोपेसाठी नव्हेत. स्ट्रेट म्यूटला बुचाच्या तीन पट्ट्या असतात आणि त्यांच्या मधल्या फटींतून आवाज खुशाल बाहेर येतो.

आपल्याला हवा तो प्रॅक्टिस म्यूट. याच्याभोवती बुचाचं किंवा रबराचं सलग कडं असतं. ते भोंग्यात चारी बाजूंनी घट्ट बसतं. हवा जायला फक्त बारीक भोकं ठेवलेली असतात. जपानच्या यामाहा कंपनीने १९९५ साली याच्यापुढचा प्रकार काढला. त्याच्या पोटातच मायक्रोफोन असतो. बाहेर अगदी बारीक आवाज, पण वाजवणाऱ्याच्या कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये मोठ्या सभागृहात वाजवल्यासारखं ऐकू येतं! अर्थात त्याला पैसेही तसेच मोजावे लागतात. शिकणाऱ्याचं साध्या म्यूटवर छान भागतं.

भाचा म्हणाला, "मग सगळ्यांत कमी आवाजाचा घेऊन टाकतो." मी म्हटलं, "थांब! तिथेच फसशील." फार कमी आवाजाचा म्यूट बहुधा फुंकायला फार जड असतो. तो लावून महिनाभर वाजवलंस, की जोर लावून फुंकायची आणि ओठ आवळायची खोड लागते. मग वरातीत म्यूट काढलास की सूर बेसूर! शेजारी खूश, पण मास्तर नाराज. म्हणून म्यूट घेताना या पाच गोष्टी बघायच्या.

पहिली गोष्ट, बसतो कसा? भोंग्याचा आतला आकार प्रत्येक बनावटीत थोडा वेगळा असतो. आपल्याकडची बँडची पुष्कळ वाद्यं उत्तर प्रदेशातल्या मेरठच्या जली कोठी भागात तयार होतात. परदेशी ट्रंपेटसाठी बनवलेला म्यूट त्यांना नीट बसेलच असं नाही. तेव्हा दुकानात जाताना आपलं ट्रंपेट बरोबर न्या. घरबसल्या मागवणार असाल, तर परत करता येतो की नाही हे आधी विचारा.

दुसरी गोष्ट, फुंकायला कसा? तळाच्या स्वरापासून वरपर्यंत सावकाश जा आणि पुन्हा खाली या. थोडा जडपणा वाटणारच, पण एखादा स्वर निघतच नसेल तर तो म्यूट ठेवून द्या. खालचे स्वर जरूर तपासा. म्यूटची खरी परीक्षा तिथेच होते.

तिसरी गोष्ट, सुरात आहे का? मोबाइलवर सूर दाखवणारं ॲप मिळतं. म्यूट लावून सगळे स्वर सारखेच थोडे चढत असतील तर काळजी नको. ट्रंपेटला एक सरकती नळी असते, तिला ट्यूनिंग स्लाइड म्हणतात. ती थोडी बाहेर ओढली की सूर उतरतो. पण एक स्वर वर आणि दुसरा खाली जात असेल, तर त्याला नळी काय करणार?

चौथी गोष्ट, आवाज खरोखर किती घटतो? हे वाजवणाऱ्याने ठरवायचं नाही बरं का! मित्राला दाराबाहेर उभं करा आणि त्याला विचारा. आवाज साधारण दहा डेसिबलने घटला की कानाला तो निम्म्यावर आल्यासारखा वाटतो.

पाचवी गोष्ट, वजन. जड म्यूटमुळे भोंगा खाली झुकतो आणि डावा हात भरून येतो. हलका ॲल्युमिनियमचा किंवा प्लास्टिकचा घ्या. तो ट्रंपेटच्या पेटीत मावला तर आणखी उत्तम.

म्यूट लावायचीही एक युक्ती आहे. आधी भोंग्यात तोंडाची गरम वाफ सोडायची, म्हणजे बूच नीट धरतं. मग म्यूट अलगद आत ठेवून किंचित फिरवायचा. काढतानाही फिरवूनच काढायचा, हिसका द्यायचा नाही. म्यूट दाणकन फरशीवर पडला तर त्याला पोचा येईल आणि घरच्यांना दचका बसेल, तो वेगळाच!

म्यूट येईपर्यंत भाच्याला मी एक फुकटचा उपाय सांगितला. घरातल्या वाकळांची चळत कोपऱ्यात लावायची आणि तिच्याकडे भोंगा करून वाजवायचं. वाकळ भोंग्यात कोंबायची नाही हं, समोर ठेवायची. वाकळा आवाजाची धार शोषून घेतात आणि सूरही जागेवर राहतो. पुढे म्यूट आला तेव्हा रोजचं वेळापत्रक ठरलं. संध्याकाळी म्यूट लावून अर्धा तास. रविवारी सकाळी मात्र सायकल काढायची, गावाबाहेर मोकळ्या रानात जायचं आणि म्यूट न लावता तासभर वाजवायचं. कारण शेवटी वाजवायचं आहे ते उघडं ट्रंपेट. त्याचा खरा आवाज कान आणि ओठ विसरले, तर सगळी मेहनत पाण्यात जायची.

खरी ट्रंपेट काय करू शकते, हे ऐकायचं असेल तर 'अलबेला' या १९५१ सालच्या हिंदी चित्रपटातली गाणी ऐका. संगीत दिलं होतं पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले गोव्याचे ट्रंपेटवादक त्यांचे साहाय्यक होते. भाच्याच्या सहा गाण्यांत त्यातलं एक होतंच!

पहिल्याच रविवारी भाच्याची फजिती झाली. रानात गेला, म्यूट काढला आणि वाजवायला लागला, तर सगळे स्वर उतरलेले! बाहेर ओढलेली ट्यूनिंग स्लाइड आत ढकलायचीच राहिली होती. तुम्हीही हे लक्षात ठेवा.

मार्चमध्ये दहावीचा शेवटचा पेपर झाला. त्या संध्याकाळी भाचा नेहमीप्रमाणे म्यूट लावून बसला होता. इतक्यात शेजारच्या माळवदावरून ताईचा आवाज आला. "अरे, आता कशाला ते बूच? काढ की! इतके दिवस नुसतं गुणगुणल्यासारखं ऐकू यायचं. कोणतं गाणं आहे, तेच कळत नव्हतं!"

भाच्याने म्यूट काढला, आठवणीने ट्यूनिंग स्लाइड आत ढकलली आणि वाजवलं. खालच्या गल्लीत दोन-तीन लहान पोरं नाचायलाच लागली. अंथरुणातल्या आजींनी खिडकी उघडायला सांगितली.

त्या दिवसापर्यंत सहापैकी पाच गाणी बसली होती. सहाव्याला अजून महिना होता. भाचा मला फोनवर म्हणाला, "मामा, म्यूट ठेवलाय जपून. पुढच्या वर्षी बारावीला मी आहे ना!"